घसाऱ्याचे खाते

दरवर्षी मार्चअखेर आमच्या दुकानाच्या जमाखर्चात एक नोंद पडते. तिचा पैसा कोणाला द्यावा लागत नाही, आणि कोणाकडून येतही नाही. वजनकाटा एका वर्षाने जुना झाला, मालाची टेम्पो एका वर्षाने झिजली, म्हणून त्यांची किंमत तेवढी उतरवून लिहायची. या नोंदीला घसारा म्हणतात. वडील मला पहिल्यांदा वही शिकवीत होते तेव्हा म्हणाले होते की, नफ्याचा आकडा कोणीही लिहितो, घसाऱ्याचा आकडा लिहायला मन घट्ट लागते. मी त्या वेळी सोळा वर्षांचा होतो. वाक्य मला पाठ झाले, अर्थ मात्र फार उशिरा कळला.

२०२५ च्या जुलैत माझ्या नातवाच्या नावाने एक पत्र आले. तो नववीत आहे. शाळा सुटली की पडेगावच्या आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या जागेवर, आणि रविवारी शहरात आमखास मैदानावर, तो फुटबॉल खेळतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत कोणीतरी त्याला पाहिले आणि एका निवासी प्रशिक्षण केंद्राने बोलावणे धाडले. दिवाळीच्या सुटीनंतर रुजू व्हावे, राहणे-जेवण-प्रशिक्षण यांचे वर्षाला अमुक इतके शुल्क, शाळा तिथलीच. आकडा मोठा होता. पण आमच्या घराला न पेलणारा नव्हता.

घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या, त्याचे वय पुन्हा येणार नाही." सौभाग्यवतींना तिथल्या जेवणाची काळजी, कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या मुलाचे वसतिगृहात कसे होणार, हा त्यांचा प्रश्न. सूनबाईंनी नेमकी गोष्ट विचारली: "बाबा, हा तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी थांबेल. पुढे काय?" मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी चार दिवस मागितले. ते चार दिवस दोन महिने झाले. मला उत्तर सुचत नव्हते असे नाही. उत्तर देण्याचा मला अधिकार आहे का, याची मला खात्री नव्हती. त्याचे कारण घरात कोणालाही ठाऊक नव्हते. ते आज इथे लिहितो.

आमच्याच पडेगावात एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. मीही इथे तेच नाव ठेवतो. छावणीच्या मैदानावर लष्करातल्या जवानांबरोबर खेळून ते तयार झाले आणि १९७० च्या सुमारास मुंबईला एका कापडगिरणीच्या संघात गेले. आजच्या वाचकांना हे विचित्र वाटेल. पण त्या काळी मुंबईचा फुटबॉल गिरण्या, बँका, रेल्वे आणि मोठ्या कंपन्या यांच्या खांद्यावर उभा होता. कुपरेजच्या मैदानावर १८९१ पासूनची रोव्हर्स करंडकाची परंपरा होती. मफतलाल, टाटा, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, एअर इंडिया अशी संघांची नावे वर्तमानपत्रांत रोज दिसत. खेळाडू हा कागदोपत्री त्या संस्थेचा नोकर. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारी सराव, महिन्याच्या अखेरीस पगार. पगार फार नसे, पण भविष्यनिर्वाह निधी कापला जाई आणि खेळणे थांबले तरी नोकरी राही. पस्तिसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगून तोच माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत गिरणीच्या स्टोअरमध्ये किंवा बँकेच्या काउंटरवर दिसे. ही व्यवस्था कोणी फार विचारपूर्वक उभी केली असेल असे मला वाटत नाही. पण घसाऱ्याची तरतूद तिच्यात आपोआप होत होती.

कॅप्टनांच्या नशिबी मात्र १८ जानेवारी १९८२ चा दिवस आला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठावर गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. कॅप्टन तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. गुडघा आधीच दुखत होता. दोन वर्षे वाट पाहून त्यांनी हिशेब केला, लालबागच्या खोलीची पागडी मोडली आणि १९८४ मध्ये ते पडेगावी परतले. उपदान, भविष्यनिर्वाह निधी आणि पागडी मिळून त्यांच्या हाती ३८ हजार रुपये होते.

गावात त्यांचा सत्कार झाला. सत्काराला माझे वडील होते. आठ दिवसांनी वडिलांनी त्यांना पेढीवर बोलावले आणि क्रीडासाहित्याच्या दुकानाची कल्पना मांडली. जागा औरंगपुऱ्यात, नाव कॅप्टनांचे, माल जालंधर आणि मेरठचा, शाळा-महाविद्यालयांची गिऱ्हाइकी. कल्पना वाईट नव्हती. कॅप्टनांनी आपले सगळे ३८ हजार भांडवल म्हणून घातले. वडिलांनी भांडवल म्हणून ५ हजार घातले आणि २५ हजार पेढीला कर्जाऊ दिले, दरसाल १८ टक्क्यांनी. भागीदारीचा मसुदा मी लिहिला. माझे वाणिज्य शाखेचे शिक्षण नुकतेच संपले होते आणि अक्षर चांगले होते. कॅप्टनांनी प्रत्येक पानावर सही केली. वाचले नाही. मला हसून म्हणाले, "छोटे शेठ, तुम्ही लिहिलंय म्हणजे झालं."

दुकान का चालले नाही हे सांगायला हवे, कारण त्याची सगळी कारणे एकाच माणसाच्या गळ्यात मारण्याची आपल्याला सवय असते. क्रीडासाहित्याचा धंदा जून-जुलैत फुलतो आणि मग दिवाळीनंतरच्या स्पर्धांपर्यंत झोपतो. भाडे बारा महिने चालू. शाळा माल जूनमध्ये नेत आणि पैसे अनुदान आले की देत. फुटबॉलचा ब्लॅडर तीन महिने कपाटात पडला तर उन्हाळ्यात चिकटून बसतो. आणि कॅप्टन स्वतः. पायाला बूट बसत नाही म्हणून रडवेला झालेला मुलगा दिसला की ते दुसरा जोड काढून देत, पैसे मागाहून. वहीत नोंद नसे. वडील चिडत. पण दुकानात येणारी पोरे त्याच माणसासाठी येत होती, हेही खरे.

१९८७ मध्ये दुकान बंद करायचे ठरले. शिल्लक माल, जागेची अनामत, वसूल झालेली उधारी, सगळे मिळून ४७ हजार हाती आले. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याचे ४८ वे कलम अशा वेळी पैसा कोणत्या क्रमाने वाटायचा ते सांगते. आधी बाहेरच्यांचे देणे, मग भागीदाराने भांडवलाखेरीज दिलेली उचल, मग भांडवल. जालंधर-मेरठच्या व्यापाऱ्यांचे १२,४०० गेले. वडिलांचे २५ हजार आणि थकलेले व्याज ५,२०० गेले. उरले ४,४००. त्यातलाही आपला भाग वडिलांनी सोडला आणि सगळे ४,४०० कॅप्टनांना दिले. घरात आम्ही सर्वांनी ते औदार्य समजलो. आई म्हणाली होती, "एवढे कोण सोडतो?" कॅप्टनांनी पैसे मोजले नाहीत. न विकलेल्या ब्लॅडरांचे एक खोके उचलून ते रिक्षात बसले. पुढे कित्येक वर्षे ते एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवीत आणि सकाळी दुधाच्या गाडीवर जात.

वडिलांनी कायद्याबाहेर काही केले नाही. मसुदा माझ्या हातचा आहे, मी आजही तो कोणाही वकिलापुढे ठेवीन. तरी गेली अडतीस वर्षे क्षमावाणीची कार्डे लिहिताना मी पडेगावातल्या प्रत्येक ओळखीच्या घरी कार्ड पाठविले आणि एका घरी पाठविले नाही. छापील कार्डावर 'कळत-नकळत' असे शब्द असतात. त्या घरी ते शब्द पाठवायला मला जमले नाही.

मधल्या काळात मी एक वाक्य तयार ठेवले होते आणि लग्नकार्यात, पेढीवर, प्रवासात ते वापरतही होतो: 'खेळाडूंना पैसा सांभाळता येत नाही.' लोक माना हलवीत. नातवाचे पत्र आल्यावर पहिल्यांदाच वाटले की, हे खरे आहे का ते एकदा पाहावे. दुकान मुलाने सांभाळल्यामुळे वेळ होता, वाचत गेलो.

इंग्लंडपासून सुरुवात केली, कारण फुटबॉलच्या पैशाचे माहेर तेच. तिथे १९६१ च्या जानेवारीपर्यंत खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. पन्नास हजार लोक ज्याला पाहायला येत तो खेळाडू साध्या कारागिराच्या आसपास कमवी आणि निवृत्त झाला की एखादे मद्यगृह किंवा वर्तमानपत्रांचे दुकान काढी. मर्यादा उठली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि वेतन आठवड्याला हजारांत, पुढे लाखांत गेले. मग दिवाळे निघणे थांबायला हवे होते. तसे झाले नाही. इंग्लंडकडून ५३ सामने खेळलेले गोलरक्षक डेव्हिड जेम्स यांचे २०१४ मध्ये दिवाळे जाहीर झाले आणि त्यांचे सदरे, आठवणीच्या वस्तू लिलावात गेल्या. एकटे तेच नव्हते.

याहून मोलाचा दाखला अमेरिकेतला मिळाला. तिथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो बहुतांशी हाताने खेळतात, हे सोडून द्या. पण त्या लीगच्या खेळाडूंचा अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत जवळपास १६ टक्के खेळाडूंनी दिवाळखोरीचा अर्ज केलेला आढळला. दिवाळी निवृत्तीनंतर लगेच निघू लागतात आणि वर्षानुवर्षे निघत राहतात. मला थांबविले ते पुढच्या वाक्याने: ज्याने जास्त कमावले किंवा जो जास्त वर्षे खेळला, त्याचा धोका कमी झालेला दिसला नाही. आपण व्यापारी लोक असे धरून चालतो की भांडवल मोठे तर तग मोठी. इथे ते लागू पडत नव्हते.

का पडत नसावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे पहिले कारण कमाईचा क्रम. आपल्याकडे मुलगा बाविसाव्या वर्षी गादीवर बसतो तेव्हा त्याच्या हाती फार काही नसते. तो पाचशेची उधारी बुडवून घेतो, पाच हजारांचा माल खराब भावात घेतो, वडिलांची बोलणी खातो. चुका त्याच्या ऐपतीएवढ्याच असतात आणि पाठीशी कोणी असते. चाळिशीत मोठा पैसा येतो तोवर हात पोळून झालेला असतो. खेळाडूचे सगळे उलटे. सर्वांत मोठी रक्कम सर्वांत कोवळ्या वयात, आणि शहाणपण येते त्या दिवशी आवक बंद. आपल्या मुलाने विशीत केलेली चूक तो पस्तिशीत करतो, सगळ्या शिलकीनिशी, आणि तिसाव्या वर्षानंतर त्याच्या पायांची किंमत दर सहामाहीला उतरते. वहीत ती कोणी लिहीत नाही. भोवतालचे सगळे मागच्या हंगामाच्या भावाने त्याला मोजत असतात, तोही स्वतःला तसाच मोजतो. घर, गाडी, भावंडांची लग्ने, मित्रांचे धंदे, सगळे त्याच भावाने ठरलेले.

दुसरे कारण सल्लागार. इंग्लंडमध्ये या शतकाच्या सुरुवातीला चित्रपटनिर्मितीत पैसा गुंतवा आणि करात सवलत मिळवा, अशा योजना निघाल्या होत्या. फुटबॉलपटूंनी त्यांत मोठ्या रकमा घातल्या, कारण ज्यांच्यावर त्यांचा विश्वास होता त्या माणसांनी कागद पुढे केले. पुढे करखात्याने त्या योजना अमान्य केल्या आणि वर्षांनी मागणीपत्रे आली. कित्येकांना मूळ गुंतवणुकीपेक्षा अधिक रक्कम मागण्यात आली. तोवर त्यांचे खेळणे संपलेले होते. अशाच व्यवहारांत पोळलेल्या अकरा माजी खेळाडूंनी 'व्ही-११' या नावाने एकत्र येऊन दाद मागितली. एका संघाएवढेच, अकरा. त्यांच्या कथा वाचताना मला सारखे एक दृश्य दिसत होते. समोर कागद, हातात पेन, आणि माणूस हसून म्हणतो आहे, तुम्ही लिहिलंय म्हणजे झालं.

आपल्या महाराष्ट्रातली उदाहरणे पाहिली तर गोष्ट आणखी गुंतते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पैलवान होते, फुटबॉलपटू नव्हेत. पण हिशेबाच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्थानकापासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. याहून चोख देणेकरी मला आपल्या बाजारात दाखवा. असा माणूस १९५५ मध्ये पोलिस दलात उपनिरीक्षक झाला, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाला, आणि निवृत्तिवेतनासाठी त्याला झगडावे लागले. १९८४ मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्यांच्या ओढग्रस्तीला पैसा न सांभाळता येणे हे कारण म्हणता येईल का?

मुंबईचे विनोद कांबळी यांचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच उपदेश सुरू होतो. मला त्यांच्या बाबतीत तारखाच जास्त बोलतात. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत द्विशतके. १९९५ मध्ये सतरावी आणि शेवटची कसोटी, वय तेवीस. एकदिवसीय सामने २००० पर्यंत. २०२२ मध्ये त्यांनी मुलाखतीत सांगितले की, क्रिकेट मंडळाचे महिना ३० हजारांचे निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न आहे, काम मिळाले तर हवे आहे. पन्नाशीतल्या माणसाने असे उघडपणे सांगणे सोपे नसते. आपल्या व्यापारी जगात दिवाळे निघालेला माणूस गाव सोडतो, पण हे बोलत नाही. आणि हे अशा खेळाचे, जिथे मंडळाकडे निवृत्तिवेतन देण्याइतका पैसा आहे. फुटबॉलकडे तेही नाही. सरकारी निवृत्तिवेतन मोठ्या पदकांना मिळते, आणि भारतीय फुटबॉलने आशियाई सुवर्ण जिंकले ते १९५१ आणि १९६२ मध्ये.

जुनी नोकरीची छाया आता विरळ झाली आहे. सरकारी सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यांचा काहींना आधार होतो. पण महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा नावाजलेला संघ. १९६२ पासूनचा, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. २०१० मध्ये तो बंद करण्याचा निर्णय कंपनीने घेतला. २०१५ ते २०१९ या काळात पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे पुण्याचे तीन व्यावसायिक संघ एकामागून एक मैदानातून गेले. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढले. धेंपो आणि साळगावकर ही आपल्यासारखीच व्यापारी घराणी. त्यांनी कित्येक वर्षे पदरमोड केली, म्हणून त्यांना दोष देववत नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, बड्या खेळाडूंचे करार कोटींत गेले, आणि आता फुटबॉलला बरे दिवस आले असे वाटले. २०२५ च्या जुलैत, म्हणजे नातवाचे पत्र आले त्याच महिन्यात, पुढचा हंगाम स्थगित असल्याचे संयोजकांनी कळविले, आणि ऑगस्टमध्ये काही क्लबांनी वेतन थांबविल्याची बातमी वाचली. बातमीतले खेळाडू पंचवीस-सत्तावीस वर्षांचे होते. घसारा कोणाच्या स्थगितीसाठी थांबत नाही. तो लागतच राहतो.

हे सगळे वाचून झाले आणि माझे जुने वाक्य मला पुन्हा म्हणता येईना. तेव्हा माळ्यावरून १९८७ ची खतावणी काढली. वडिलांचे २५ हजार कर्जाऊ न धरता कॅप्टनांच्या पैशासारखेच भांडवल धरले असते तर काय झाले असते, तो हिशेब कागदावर मांडला. बाहेरचे देणे भागून उरलेले ३४,६००. एकूण भांडवल ६८ हजार, त्यात कॅप्टनांचे ३८ हजार. त्यांच्या वाट्याला १९,३३५ आले असते. मिळाले ४,४००. फरक १४,९३५. दर कोणता लावावा याचा थोडा विचार केला. मग वडिलांनीच लावलेला १८ टक्के घेतला, सरळ व्याजाने, अडतीस वर्षे. १,१७,०९०. मुलाला सांगितले. त्याने आकडा पाहिला, आणि "चेक कोणत्या खात्यातून काढू?" एवढेच विचारले.

क्षमावाणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेलो. कॅप्टन आता पंच्याहत्तरीत आहेत. दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचे घर, बाहेर कडुलिंब. चालताना उजवा पाय ओढतात. मला पाहून त्यांनी खुर्ची पुसली. आधी नातवाचे पत्र दाखविले, कारण तिथून बोलायला सोपे होते. त्यांनी चष्मा लावला आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, मागची बारीक अक्षरेसुद्धा. मग म्हणाले,

"शेठ, यात गुडघ्याचं काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"लागलं तर खर्च कोणाचा, आणि वर्षाचे पैसे परत की नाही. ते विचारा, लेखी घ्या. आणि दहावीची परीक्षा कुठून देणार ते." थोडे थांबून म्हणाले, "पोराला मी पाहिलंय आमखासवर. डावा पाय चांगला आहे. उजव्याला आळशी आहे."

"पाठवू का?"

"ते मी कसं सांगू? मला कोणी विचारलं असतं तर मी पुन्हा गेलोच असतो."

मग मी खतावणीची नक्कल आणि चेक पुढे ठेवला. काय बोलायचे ते घरून ठरवून गेलो होतो, त्यातले फारसे आठवले नाही. मसुदा मी लिहिला होता आणि उचल व भांडवल यांतला फरक मला तेव्हाही कळत होता, एवढे बोललो. ते बराच वेळ हिशेबाच्या कागदाकडे पाहत होते. आतून त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला, तो निवला. नको म्हणतील, रागावतील, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल, अशा तीनही गोष्टींची मी तयारी ठेवली होती.

त्यांनी चेकवरचा आकडा आणि अक्षरी रक्कम ताडून पाहिली, तारीख पाहिली, आणि घडी न घालता तो उशीखालच्या वहीत ठेवला. म्हणाले, "पावती लागेल ना तुम्हाला?"

मी पावती लिहून नेली होती. ती त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्म्याची काच सदऱ्याने पुसली आणि वाचायला सुरुवात केली. 'सर्व येणे पूर्ण भागले' असे शब्द मी सवयीने लिहिले होते. तिथे त्यांचे बोट थांबले.

"हे काढा," ते म्हणाले. "रक्कम मिळाली, एवढंच लिहा."

मी ती ओळ खोडली, खोडल्यावर आद्याक्षरे केली. मग त्यांनी सगळा कागद पुन्हा एकदा वरपासून वाचला आणि सही केली.